तांदळाच्या पिठाचा होजिचा पाव: भाजल्यानंतरही चहाचा गंध टिकवावा कसा?

शेफालिका

नमस्कार. थंडीची चाहूल लागली की जपानमधील लहान बेकऱ्यांमध्ये होजिचा, म्हणजे भाजलेला हिरवा चहा, घातलेले तांदळाच्या पिठाचे पाव दिसू लागतात. बाहेरून पातळ, किंचित कुरकुरीत कवच आणि आत ओढला तर ताणला जाणारा, चावताना हलकेच प्रतिकार करणारा मऊ गर, ही त्यांची ओळख. मी ओसाकाजवळ राहते आणि घरच्या छोट्या ओव्हनमध्ये हा पाव नेहमी करते. पोत मनासारखा येतो आणि रंगही सुरेख येतो, परंतु पीठ भिजवताना स्वयंपाकघरभर दरवळणारा चहाचा गंध पाव भाजून झाल्यावर निम्माही उरत नाही. चहाची पूड वाढवली, तर गंधाऐवजी तुरटपणाच वाढतो.

माझे मत असे आहे की हा पाव गव्हाशिवायच करावा. तांदळाला स्वतःचा वास फार सौम्य असल्यामुळे भाजक्या चहाला त्यात मोकळी जागा मिळते. गव्हाचा मैदा मिसळला की त्याचा खमंगपणा पुढे येतो आणि चहा मागे पडतो. तरीही गंध टिकवण्याचा प्रश्न माझ्यापुढे आहेच. ज्यांनी हा किंवा असा पाव केला असेल, त्यांनी चहा कोणत्या स्वरूपात, किती आणि कोणत्या टप्प्यावर घातला, हे कृपया सविस्तर लिहावे.

कणीकोंडा

आपण सध्या घेत असलेले प्रमाण दिलेत, तर उत्तर देणे सोपे जाईल.

शेफालिका

@कणीकोंडा, अवश्य. पावासाठी मिळणारी बारीक तांदळाची पिठी, जिला येथे कोमेको म्हणतात, १५० ग्रॅम; बहुधा शिरातामाको, कधी त्याऐवजी मोचिको, ५० ग्रॅम; इसबगोलाचा भुसा ८ ग्रॅम; साखर १५ ग्रॅम; मीठ ३ ग्रॅम; कोरडे यीस्ट ३ ग्रॅम; तेल १० ग्रॅम; होजिचाची पूड ६ ग्रॅम आणि कोमट पाणी साधारण १९० मिलिलिटर. सर्व एकत्र करून चांगले घोटते, गोळे वळते, ऊबदार जागी एकदाच फुगू देते आणि आकार जवळजवळ दीडपट झाला की १९० अंश सेल्सिअसवर २० ते २५ मिनिटे भाजते.

ज्यांना ही नावे नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगते, की कोमेको ही रोजच्या जेवणातील तांदळाची अतिशय बारीक पिठी असते, तर शिरातामाको आणि मोचिको ही दोन्ही मोचीच्या, म्हणजे मोची हा ताणला जाणारा जपानी पदार्थ ज्यापासून करतात त्या, चिकट तांदळाची पिठे आहेत. शिरातामाको पाण्यासह दळून, निथळून, वाळवलेले असल्यामुळे खडीसारख्या कणांत मिळते. ते आधी थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवून घ्यावे लागते, नाहीतर पावात टणक कण राहतात.

स्टार्चपुराण

अन्नप्रक्रिया हा माझा कामाचा विषय असल्यामुळे आधी पोताविषयी लिहितो, कारण गंधाचा प्रश्नही काही अंशी तेथूनच सुटेल.

गव्हाच्या पावाचा चिवटपणा ग्लुटेनच्या, म्हणजे गव्हातील चिवट प्रथिनाच्या, जाळ्यातून येतो आणि तांदळात ग्लुटेन नाही. तांदळाच्या पावाचा चिवटपणा स्टार्चमधून येतो. स्टार्चचे अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. मोचीच्या तांदळात जवळजवळ सगळे अमायलोपेक्टिनच असते, म्हणून शिजल्यावर तो ताणला जातो आणि गार झाल्यावर लवकर कडक होत नाही. जपानमधील रोजच्या भाताच्या तांदळात अमायलोज साधारण १७ ते २० टक्के असते, तर आपल्याकडच्या मोकळा भात होणाऱ्या बऱ्याच लांब दाण्याच्या जातींत त्याहून अधिक असते. अमायलोज गार होताना घट्ट जाळे धरते, त्यामुळे पाव उभा राहतो. म्हणून केवळ चिकट तांदळाचे पीठ घेतले तर पाव फुगून खाली बसतो आणि आत चिकट राहतो, आणि केवळ साध्या तांदळाचे घेतले तर तो उभा राहतो पण ताणला जात नाही. शेफालिकाताईंचे तीनास एक हे प्रमाण मला अगदी योग्य वाटते.

दुसरी गोष्ट दळण्याची. चक्कीत कोरडा तांदूळ दळताना उष्णता आणि घर्षण यांमुळे स्टार्चचे कण फुटतात. असे फुटलेले कण पाणी अधाशासारखे ओढून घेतात, वायू धरून ठेवत नाहीत आणि पाव दडस होतो. जपानच्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने हिरोशिमा विद्यापीठासह २०१७ मध्ये दाखवून दिले, की स्टार्चचे कण कमीत कमी फुटलेली पिठी घेतली, तर ग्लुटेन किंवा दाटपणा आणणारा कोणताही पदार्थ न घालतासुद्धा तांदळाचा पाव फुगतो, कारण हे सूक्ष्म अखंड कण वायूच्या बुडबुड्यांभोवती कवच करून त्यांना सांभाळतात. मला हा शोध फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे तांदळाच्या पावाकडे गव्हाच्या पावाची नक्कल म्हणून न पाहता स्वतंत्र पदार्थ म्हणून पाहता येते.

मांडवीकाठ

स्टार्चपुराण यांचे विवेचन पटले, परंतु मूळ मताशी मी सहमत नाही. मी गोव्यात लहानशी बेकरी चालवते. मैद्यात वीस ते तीस टक्के चिकट तांदळाचे पीठ मिसळून केलेला पाव माझ्या अनुभवात अधिक रुचकर होतो, कारण ग्लुटेन आणि चिकट स्टार्च हे दोन्ही मिळून जो ताण देतात तो एकट्या तांदळाला देता येत नाही, आणि कवचही अधिक चांगले तांबूस होते. गव्हाचा खमंगपणा आणि भाजक्या चहाचा खमंगपणा एकमेकांच्या जवळचे आहेत. ते एकमेकांना पूरक ठरतात. तांदळाच्या फिक्या गरात चहा मला एकटा पडल्यासारखा वाटतो.

ग्लुटेनशिवाय तांदूळ फुगतो हे मात्र आम्हा गोंयकारांना नवे नाही. उकड्या तांदळाचे वाटण सुराने, म्हणजे ताज्या माडीने, आंबवून वाफवलेल्या सान्ना आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खात आलो आहोत. तेथे वाफ असते, कोरडी आच नसते, आणि हा फरक मोठा आहे.

निरामय

कृपया एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवावी. आमच्या घरात सिलिअ‍ॅक आजार, म्हणजे ग्लुटेन मुळीच न चालणारा आजार, असलेली मुलगी आहे. जपानमध्ये ‘कोमेको पाव’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पावांत फुगवण्यासाठी गव्हाचे ग्लुटेन वेगळे मिसळलेले असते आणि काही तयार पिठांतही ते असते. नावावर विसंबून न राहता घटकांची यादी वाचलीच पाहिजे. तेथे २०१७ मध्ये तांदळाच्या पिठासाठी ‘नॉन-ग्लुटेन’ लेबलाची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि त्यात ग्लुटेनची मर्यादा १ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, इतकी कडक ठेवली आहे. आम्ही तेच चिन्ह शोधतो.

दुसरे असे, की भाजक्या चहाच्या ऐवजी कोणी मुगिचा वापरू नये. तो दिसायला आणि वासाला जवळचा असला, तरी भाजलेल्या जवाचा काढा आहे आणि जवातही ग्लुटेन असते.

स्टार्चपुराण

@निरामय, हे लिहिलेत ते फार चांगले केलेत. @मांडवीकाठ, आपला मुद्दा चवीपुरता मान्य करतो, पण ज्यांना गहू चालत नाही त्यांच्यासाठी तो पर्याय उरत नाही, आणि पहिल्या पोस्टमधील प्रश्न शुद्ध तांदळाच्या पावाचाच आहे.

उंबरठा

चहाविषयी थोडे लिहिते, कारण ‘होजिचा’ या एकाच नावाखाली बरेच वेगवेगळे चहा मिळतात आणि माझ्या मते गंधाचे निम्मे उत्तर खरेदीतच आहे.

होजिचाची सुरुवात १९२० च्या दशकात क्योटोमध्ये झाली असे मानले जाते. उरलेली पाने, देठ आणि काड्या भाजून विकण्याजोगा चहा करावा, अशी व्यापाऱ्यांची गरज त्यामागे होती. आजही तो बहुधा बांचा, म्हणजे उशिरा खुडलेल्या मोठ्या पानांपासून किंवा देठांपासून करतात. साधारण २०० अंशांच्या आसपास भाजल्यावर पानातील अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यातून पायराझिन वर्गातील सुगंधी द्रव्ये तयार होतात, तुरटपणा कमी होतो आणि रंग तांबूस-तपकिरी होतो. कॅफिन कमी असल्यामुळे जपानी घरांत तो रात्री आणि लहान मुलांनाही देतात.

कानाझावा भागात केवळ देठांचा भाजलेला चहा प्रसिद्ध आहे. देठात तुरट द्रव्ये पानापेक्षा कमी आणि गोडसरपणा अधिक असतो, त्यामुळे पावासाठी तो मला सर्वांत योग्य वाटतो. शेफालिकाताई, आपण पूड वाढवल्यावर तुरटपणा वाढतो असे लिहिले आहे, त्यावरून आपली पूड पानांची असावी असा माझा अंदाज आहे. तयार पूड विकत घेण्याऐवजी देठांचा चहा आणून, कोरड्या तव्यावर मंद आचेवर मिनिटभर पुन्हा गरम करून, गार झाल्यावर मिक्सरमध्ये दळून बारीक चाळणीने चाळून पाहावा. जपानी घरांत पूर्वी यासाठी होरोकु नावाचे मातीचे उथळ भांडे वापरत. पूड दळल्यापासूनच गंध उडू लागतो, म्हणून ती त्याच दिवशी वापरावी.

एक गोष्ट होजिचाच्या बाजूची आहे. माच्चाचा, म्हणजे बारीक दळलेल्या जपानी हिरव्या चहाचा, हिरवा रंग ओव्हनच्या उष्णतेने मळकट होतो. होजिचा आधीच भाजलेला असल्यामुळे त्याचा रंग टिकतो.

दगडी_जाते

मी पुण्यात आहे. येथे होजिचा मिळतो, पण महाग पडतो. आपला नेहमीचा बारीक दाण्याचा चहा तव्यावर भाजून चालेल का?

उंबरठा

@दगडी_जाते, चालणार नाही असे माझे स्पष्ट मत आहे. तो काळा चहा आहे, म्हणजे पाने आधीच पूर्ण ऑक्सिडीकरण होऊन वाळवलेली असतात. भाजल्यावर त्यात जळकट कडूपणा येतो. त्याऐवजी कांग्र्याचा साधा हिरवा चहा घ्यावा. त्यात लिंबू, पुदिना किंवा कृत्रिम सुगंध मिसळलेला नसावा. जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर सतत हलवत भाजावा, धूर येण्याच्या आत, पाने तपकिरी होऊन भाजक्या शेंगदाण्यासारखा वास सुटला की लगेच ताटात पसरून गार करावा. तो होजिचाच्या बराच जवळ जातो.

दगडी_जाते

मनःपूर्वक आभार. पिठाविषयीही विचारतो. इंद्रायणीची पिठी चिकट तांदळाच्या जागी वापरता येईल का? आणि इसबगोल आपला घरचाच, औषधाच्या दुकानातला, चालतो का?

स्टार्चपुराण

इंद्रायणी आणि आंबेमोहोर हे शिजल्यावर मऊ, चिकटसर होतात, पण मोचीच्या अर्थाने ते चिकट तांदूळ नव्हेत. ते कोमेकोच्या जागी उत्तम चालतील. चिकट भागासाठी थायलंडचे चिकट तांदळाचे पीठ किंवा आसामच्या बोरा तांदळाची पिठी घ्यावी. मोदकासाठी करतात तशी, तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, किंचित ओलसर असतानाच दळलेली पिठी घेतली तर स्टार्चचे कण कमी फुटतात, आणि बारीक चाळणीने चाळल्यावर पावाला ती चक्कीच्या कोरड्या पिठापेक्षा कितीतरी सरस ठरते.

इसबगोल अवश्य चालतो, मात्र बिनसाखरेचा, बिनस्वादाचा भुसा घ्यावा. जगात सर्वाधिक इसबगोल भारतात, मुख्यतः गुजरात आणि राजस्थानात पिकतो व येथून निर्यात होतो, त्यामुळे जपानमधील पुडीतला भुसाही भारतातून गेलेला असण्याची शक्यता पुष्कळ आहे. भुशाची पूड असेल तर ती अधिक पाणी शोषते, म्हणून प्रमाण थोडे कमी ठेवावे.

वाटाड्या_नागोया

येथे तांदळाच्या पावाला एवढे महत्त्व का आले, हेही या चर्चेत नोंदवावेसे वाटते. जपानमध्ये १९६२ मध्ये दरडोई वर्षाला सुमारे ११८ किलो तांदूळ खाल्ला जात होता. आज ते प्रमाण निम्म्याहूनही कमी झाले आहे. युद्धानंतर शाळांच्या जेवणात पाव आला आणि भात अधिकृतपणे आला तो १९७६ मध्ये. गहू बहुतांश आयात करावा लागतो आणि भातशेती मात्र ओस पडत जाते, या पेचातून सरकारने २००९ मध्ये पीठ आणि पशुखाद्य यांसाठी तांदूळ पिकवण्यास उत्तेजन देणारा कायदा केला. २०१० मध्ये सान्यो कंपनीने थेट तांदळाच्या दाण्यांपासून पाव करणारे गोपान हे घरगुती यंत्र आणले, तेव्हा मागणी इतकी झाली की कंपनीला नवीन नोंदणी काही काळ थांबवावी लागली. पावासाठी योग्य असा मिझुहोचिकारा हा तांदूळ क्यूशू बेटावर विकसित झाला आणि घरी पाव करणारे लोक आज तो नाव घेऊन मागतात. शेतकऱ्याचे पीक शेतात राहावे म्हणून एखाद्या देशाने पावाचा पोत बदलायला घ्यावा, हे मला अतिशय आदरणीय वाटते.

मांडवीकाठ

@वाटाड्या_नागोया, ही माहिती फार मोलाची आहे. आमच्याकडील खाजनातील, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीतील, भातशेतीही ओस पडत चालली आहे, त्यामुळे हा विचार मनाला लागला.

सायसाखर

मूळ प्रश्नाकडे वळते. माझ्या मते चूक पूड किती घालावी यात शोधू नये; गंध कशात विरघळवला आहे, ते पाहावे. पाण्यात मिसळलेली सुगंधी द्रव्ये भाजताना वाफेबरोबर मोठ्या प्रमाणात निघून जातात. स्निग्ध पदार्थ ती अधिक धरून ठेवतात. म्हणून मी पाण्याऐवजी सायीसकट दूध घेते. दोनशे मिलिलिटर दुधात दहा ग्रॅम देठांचा होजिचा घालून, उकळी न आणता, झाकून दहा मिनिटे ठेवते आणि गाळून घेते. चहाचा चोथा बरेच दूध पिऊन घेतो, म्हणून गाळल्यावर पुन्हा मोजून कमी पडेल तेवढे दूध वरून घालावे. हे दूध ४० अंशांच्या खाली आल्याशिवाय यीस्ट घालू नये. तेलाच्या जागी लोणी वितळवून, त्यात पूड कालवून, ते लोणी पिठात घालते.

उंबरठा

@सायसाखर, लोण्याबद्दल सहमत, पण केवळ दुधातल्या अर्काने पावाला चहाची चव पोकळ लागते. पुडीमुळे जी भाजकी, किंचित मातकट खोली येते ती अर्काने येत नाही. पूड हवीच.

सायसाखर

पूड नको असे मी म्हटलेले नाही. पूड चवीसाठी आणि अर्क गंधासाठी, अशी विभागणी मी करते. पूड पिठाच्या दोन टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही.

पळीपंचपात्र

ज्यांना यीस्ट नको त्यांनी गोळ्यांचा प्रकार करून पाहावा. चिकट तांदळाचे पीठ १०० ग्रॅम, टॅपिओका स्टार्च ५० ग्रॅम, होजिचाची पूड ४ ग्रॅम, साखर २० ग्रॅम आणि चिमूटभर मीठ एकत्र करावे. ७५ मिलिलिटर दूध आणि ३५ ग्रॅम लोणी एकत्र उकळून त्यावर ओतावे, गार झाल्यावर एक फेटलेले अंडे घालून मळावे आणि लहान गोळे करून १८० अंशांवर २० ते २५ मिनिटे भाजावेत. अंडे लहान-मोठे असते, म्हणून ते थोडे थोडे घालावे. पहिली पंधरा मिनिटे ओव्हन उघडू नये, कारण आतील वाफच त्यांना फुगवते. उकळते दूध ओतणे म्हणजे आपण उकड काढतो तेच तत्त्व आहे: स्टार्च आधी शिजल्यामुळे ते पाणी धरून ठेवते आणि गोळा ताणला जातो. ब्राझीलच्या चीजच्या पावाची ही रीत जपानने मनापासून स्वीकारली आहे.

शेफालिका

सर्वांचे मनापासून आभार. सायसाखर आणि उंबरठा या दोघींच्या सूचना एकत्र करून कालचा पाव केला. पीठ तेच ठेवले, पाण्याच्या जागी देठांच्या चहाचे दूध घेतले, तेलाच्या जागी लोणी घेऊन त्यात ताजी दळलेली ४ ग्रॅम पूड कालवली आणि साखर १० ग्रॅमवर आणली. दूध पाण्यापेक्षा थोडे दाट असल्यामुळे दहा मिलिलिटर जास्त लागले. या वेळी गंध स्पष्ट टिकला, विशेषतः पाव कोमट असताना आत उघडल्यावर, आणि तुरटपणा जाणवला नाही. कवच मात्र दुधामुळे लवकर रंगते, म्हणून तापमान १८० अंशांवर आणावे लागले.

@मांडवीकाठ, आपला आक्षेप मी विसरले नाही. गव्हाचा पाव अधिक रुचकर असेल, परंतु हा गंध त्यात इतका मोकळा लागेल असे मला अजूनही वाटत नाही. आपण दोन्ही शेजारी शेजारी करून पाहिलेत आणि येथे लिहिलेत, तर मला खरोखर आनंद होईल.

मांडवीकाठ

अवश्य करून पाहीन. माझ्याकडे खाजनात पिकणाऱ्या कोर्गूट तांदळाची पिठी आहे, तीही एका पावात वापरून बघते.

कणीकोंडा

दुसऱ्या दिवसासाठी हा पाव कसा ठेवावा? माझा फ्रीजमध्ये ठेवलेला पाव दगडासारखा झाला.

स्टार्चपुराण

फ्रीजमध्ये कधीही ठेवू नये. शून्याच्या थोड्या वरच्या तापमानाला शिजलेले स्टार्च सर्वांत लवकर घट्ट होते. पाव पूर्ण गार झाला की काप करून, प्रत्येक काप वेगळा गुंडाळून थेट फ्रीजरमध्ये ठेवावा. खाताना वरून पाण्याचा हलका शिपका मारून, झाकणाखाली तव्यावर मंद आचेवर गरम करावा. चिकट स्टार्च पुन्हा मऊ होते आणि लोण्यात धरलेला चहाचा गंधही पुन्हा वर येतो. मायक्रोवेव्ह वापरणार असाल तर वीस सेकंदांपेक्षा जास्त वेळ ठेवू नये, कारण पाणी उडून गेल्यावर तो पाव पुन्हा मऊ करता येत नाही.